शिडाच्या बोटीवरची सुट्टी आणि पुराव्याची हाव

पेटची तयारी करताना किंवा कोर्सवर्क सुरू होण्याआधीच्या रिकाम्या महिन्यांत तुम्ही ‘रिसर्च मेथडॉलॉजी’ची जाडजूड पुस्तकं चाळत असाल. चाळाच, परीक्षेत विचारतात. पण पुरावा म्हणजे काय, तो कोणाला दाखवायचा आणि गोळा करताना आपल्या हातून काय मोडू शकतं, हे प्रश्न त्या पुस्तकांत पानभरात उरकलेले असतात. ‘एथिक्स’चं प्रकरण म्हणजे वाङ्मयचौर्य आणि संमतिपत्र, संपलं. म्हणून आज एका मुलांच्या कादंबरीबद्दल लिहितोय. हसू नका. मी स्वतः विज्ञानाचा विद्यार्थी, साहित्याचा समीक्षक वगैरे नाही. पण ही कादंबरी मला संशोधनाबद्दलची वाटते, आणि तिच्यात जे बिनसलंय तेही संशोधनाबद्दलचंच वाटतं.

आर्थर रॅन्सम हा इंग्रज लेखक. जन्म १८८४, मृत्यू १९६७. आधी पत्रकार, रशियन क्रांतीच्या काळात रशियात राहून बातम्या पाठवणारा. १९३० साली त्याची ‘स्वॉलोज अँड ॲमेझॉन्स’ आली आणि मग त्याच मुलांच्या एकूण बारा कादंबऱ्या झाल्या. भावंडं, त्यांचे मित्रमैत्रिणी, सुट्टी आणि शिडाची बोट, बहुतेक पुस्तकांचा साचा हाच. इंग्लंडमध्ये कुटुंबानं, मित्रांनी मिळून सुट्टीत छोटी शिडाची बोट काढायची, तळ्यात नाहीतर खाडीत हिंडायचं, बेटावर तंबू ठोकायचे, हा जो एक छंद आहे, त्याचं चित्र लोकांच्या डोक्यात बसवण्यात या पुस्तकांचा मोठा वाटा आहे. बारापैकी शेवटची कादंबरी १९४७ची. नाव ‘ग्रेट नॉर्दर्न?’ प्रश्नचिन्ह माझं नाही, शीर्षकातलंच आहे. शीर्षकात शंका ठेवणारं साहसाचं पुस्तक मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो. शेवटही सांगणार आहे, कारण त्याशिवाय बोलता येणार नाही. कॅप्टन फ्लिंट नावाचे एक मामा, त्यांच्या दोन भाच्या नॅन्सी आणि पेगी, वॉकर कुटुंबातली चार भावंडं जॉन, सुझन, टिटी आणि रॉजर, आणि डिक-डोरोथिया ही कॅलम भावंडं. सगळे मिळून ‘सी बेअर’ नावाची एक जुनी शिडाची बोट घेऊन स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीज बेटांच्या भागात सुट्टी घालवतायत. सुट्टी संपत आलीय. बोट मालकाला परत द्यायची, तर आधी तिचा तळ घासून रंगवायला हवा, म्हणून ते एका निर्जन खाचेत शिरतात. बाकीचे शंख-शेवाळ खरवडत असताना डिक जवळच्या गोड्या तळ्यावर पक्षी बघायला जातो. चष्मा लावणारा, वही बाळगणारा, कुठल्याही गटात असतो तसा एक मुलगा. तळ्यातल्या बेटावर त्याला घरट्यावर बसलेला एक मोठा डायव्हर दिसतो.

आता पक्ष्याबद्दल थोडं. ग्रेट नॉर्दर्न डायव्हर, ज्याला अमेरिकेत लून म्हणतात, तो आइसलँड, ग्रीनलंड, कॅनडा अशा उत्तरेकडच्या मुलखात वीण करतो. हिवाळ्यात ब्रिटनच्या किनाऱ्यावर येतो, पण त्या काळच्या पुस्तकांप्रमाणे तिथे घरटं करत नाही. त्याच्यासारखाच दिसणारा ब्लॅक-थ्रोटेड डायव्हर मात्र स्कॉटलंडमध्ये घरटं करतो. म्हणजे डिकनं जे पाहिलं ते एकतर रोजचं आहे, नाहीतर ब्रिटनमधली पहिली नोंद. मधलं काही नाही. आणि डिकला खात्री नाही.

इथपर्यंत पुस्तक अप्रतिम आहे. डिकचं मन कसं चालतं ते रॅन्सम घाई न करता दाखवतो. पाहिलेलं आणि पुस्तकातलं जुळतंय, तरी पुस्तकच म्हणतंय की असं होत नाही. मग डोळे चुकले की पुस्तक? तुम्ही प्रयोगशाळेत एखादा विचित्र पीक पाहाल, किंवा ज्या तालुक्यात नसायला हवी ती वनस्पती पाहाल, तेव्हा तुम्हीही याच जागी असाल. दोन वाटा सोप्या असतात. ‘पुस्तकात नाही म्हणजे मला चुकीचं दिसलं’ ही एक, आणि ‘मी शोध लावला’ ही दुसरी. डिक दोन्ही घेत नाही. तो प्रश्नचिन्ह तसंच ठेवून पुढे जातो.

रॅन्समला हा विषय आधीपासून कळत होता. त्याच्या १९३६च्या ‘पिजन पोस्ट’मध्ये (या पुस्तकाला ब्रिटनचं पहिलं कार्नेगी पदक मिळालं) हाच डिक एक चूक करतो, ती मी प्रत्येक एमएस्सीच्या वर्गाला सांगावी अशी आहे. मुलांना डोंगरात सोनेरी चमकणारा खनिज दगड सापडतो. डिकनं वाचलेलं असतं की सोनं आम्लराजात विरघळतं. तो चाचणी करतो, भुकटी विरघळते. म्हणजे सोनं! पुढे कळतं की आम्लराजात इतरही कितीतरी गोष्टी विरघळतात आणि हे तांब्याचं खनिज आहे. ‘सोनं असेल तर विरघळेल’ यावरून ‘विरघळलं म्हणजे सोनं’ असं म्हणता येत नाही, हे आपण तर्कशास्त्राच्या तासाला पाठ करतो आणि स्वतःच्या डेटासमोर विसरतो. ‘ग्रेट नॉर्दर्न?’मधला डिक हा त्या चुकीनंतरचा डिक आहे असं मला वाचताना वाटत राहतं. आता तो जपून आहे.

जपून आहे म्हणूनच तो तज्ज्ञाला विचारायला जातो, आणि तिथे खरी गोष्ट सुरू होते.

बंदरात ‘टेरोडॅक्टिल’ नावाची एक मोठी मोटर-यॉट उभी असते. तिचा मालक जेमर्लिंग पक्ष्यांचा जाणकार आहे असं डिकला कळतं. डिक एकटा त्याच्या बोटीवर जातो आणि आपण काय पाहिलं ते सांगतो. जेमर्लिंगच्या केबिनमध्ये कप्पेच्या कप्पे भरून अंडी ठेवलेली असतात. तो अंडी गोळा करणारा आहे. डिकचं बोलणं ऐकताच त्याला कळतं की हे खरं असेल तर ब्रिटनमध्ये वीण केलेल्या पहिल्या ग्रेट नॉर्दर्नची अंडी आणि कातडी आपल्या संग्रहात येतील, आपलं नाव लागेल. तो जागा विचारतो, पैसे देऊ करतो. डिक सांगत नाही आणि निघून येतो. पण तोवर उशीर झालेला असतो. आता जेमर्लिंगला एवढं पुरेसं असतं की जागा आहे आणि या मुलांना ती माहीत आहे. तो ‘सी बेअर’च्या मागे लागतो.

हे प्रकरण दोनदा वाचा. पहिल्यांदा गोष्ट म्हणून, दुसऱ्यांदा स्वतःला डिकच्या खुर्चीत बसवून. पोस्टरसमोर उभं राहिलेलं असताना कोणी मोठ्या नावाचा माणूस येतो, आपल्या कामात रस दाखवतो, आपण फुलून जातो, आणि तिसऱ्या प्रश्नाला तो म्हणतो, ‘साइटचे को-ऑर्डिनेट्स काय आहेत?’ माझ्यासमोर हे एकदा घडलंय. माणूस सज्जन असेलही. पण त्या क्षणी काय उत्तर द्यायचं हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. ‘सर, डेटा अजून प्रकाशित नाही’ हे एक वाक्य तोंडात तयार ठेवा. उर्मटपणा होत नाही त्यानं. डिकला वाईट वाटतं ते माणसाचा स्वभाव ओळखता आला नाही याचं. मला वाटतं, स्वभाव ओळखणं कठीणच असतं. आपण किती सांगतोय याचा हिशोब ठेवणं त्यापेक्षा सोपं आहे.

आता जेमर्लिंगबद्दल. इथे माझी पहिली तक्रार.

रॅन्समनं त्याला निव्वळ खलनायक केलंय. तो लबाड आहे, बोलतो तुच्छतेनं, त्याच्याकडे बंदूक आहे. वाचणारं पोर त्याचा लगेच तिरस्कार करतं, आणि तिथेच प्रश्न संपतो. पण जेमर्लिंग जे म्हणतो ते त्या काळात वेडगळ नव्हतं. पक्षी हातात नसेल तर नोंद मानायची नाही, ही एकोणिसाव्या शतकापासूनची पक्षिशास्त्राची रीतच होती. संग्रहालयांतले कातड्यांचे आणि अंड्यांचे कप्पे त्या रीतीतूनच भरले. आपल्याकडचे किती पक्षी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमनं गोळा केलेल्या नमुन्यांमुळे शास्त्राला माहीत झाले! ब्रिटनमध्ये जंगली पक्ष्यांची अंडी उचलण्यावर व्यापक कायदेशीर बंदी आली ती १९५४च्या पक्षी संरक्षण कायद्यानं, म्हणजे हे पुस्तक आल्यानंतर सात वर्षांनी. तेव्हा जेमर्लिंग नीतीच्या बाहेर असेल, पण शास्त्राच्या बाहेर नव्हता. रॅन्समनं त्याला एखादा सभ्य, हुशार, मृदू बोलणारा माणूस केला असता, तर पुस्तक कितीतरी अवघड झालं असतं. आणि खरंही. कारण तुम्हाला पुढे भेटणारे लोक असेच असतील.

दुसरी तक्रार याच्याशी जोडलेली आहे, आणि जास्त गंभीर. जेमर्लिंगला पहिली नोंद स्वतःच्या नावावर हवी आहे. डिकला काय हवंय? तीच पहिली नोंद. फरक एवढाच की एकाच्या हातात बंदूक आणि दुसऱ्याच्या हातात कॅमेरा. सुट्टी संपलेली, बोट परत द्यायची, कॅप्टन फ्लिंटला घरी जायची घाई. तरी पोरं हट्ट धरतात, बोट परत त्या खाचेत नेतात, कशासाठी? फोटो हवा म्हणून. नुसतं ‘मी पाहिलं’ कोणी मानणार नाही म्हणून. पक्ष्यांना सांभाळायचं एवढाच हेतू असता, तर परत न जाणं हा सगळ्यात सुरक्षित उपाय होता. जेमर्लिंग त्यांच्याच मागावर होता. ते दुसरीकडे गेले असते तर तोही तिकडे गेला असता.

पुस्तक हा प्रश्न टाळतं. फोटो घेणं म्हणजे निष्पाप, अंडं घेणं म्हणजे पाप, अशी सरळ रेघ मारून मोकळं होतं. पण विचार करा. डायव्हरचे पाय शरीराच्या फार मागे असतात, जमिनीवर त्याला धड चालता येत नाही, म्हणून तो अगदी पाण्याच्या काठावर घरटं करतो. अंडी बहुधा दोन. पक्षी घाबरून पाण्यात उतरला तर अंडी उघडी पडतात, गार होतात, वर गल आणि कावळे टपलेले. मुलं घडीची बोट खांद्यावरून तळ्यापर्यंत नेतात, वल्ही मारत बेटावर जातात, जाळी आणि हेदरच्या फांद्यांचा आडोसा उभा करतात. रॅन्सम हे सगळं रात्रीच्या साहसाच्या आनंदात लिहितो. वर्णन सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण पक्षी किती वेळ घरट्यावरून उठला होता, हे मोजण्याचं डिकसारख्या मुलाच्याही मनात येत नाही, आणि ते त्याच्या स्वभावाला धरून नाही.

जरा बाजूला जाऊन सांगतो. हल्ली आपल्याकडेही तळ्यांवर, खाड्यांत सुट्टीच्या दिवशी कायाक भाड्यानं मिळतात. मित्रमंडळींबरोबर मजा येते, फिटनेस होतो, धूर नाही, आवाज नाही. त्यामुळे आपण समजतो की यानं कोणालाच त्रास नाही. पण मोटारबोट येतेय हे पक्ष्याला लांबून कळतं. कायाक आवाज न करता उथळ पाण्यात, वेतात, थेट घरट्यापाशी पोचते. शांत साधन जास्त जवळ नेतं. तुमच्या हातातलं उपकरण ‘नॉन-इन्व्हेसिव्ह’ आहे असं सिनॉप्सिसमध्ये लिहिताना हे आठवा. कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, ध्वनिमुद्रक, सगळ्यांना हे लागू आहे. आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही येतं. हे बऱ्याच जणांना परवानगीचा अर्ज भरताना पहिल्यांदा कळतं.

पुरावा, मालकी आणि खोटेपणा यांचा प्रश्न नुसता गोष्टीतला नाही. आपल्याच राज्यातलं उदाहरण आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड ह्यूमनं १८७३ साली शास्त्रीय वर्णन करून जगापुढे ठेवलं. १८८४ नंतर त्याची एकही खरी नोंद नव्हती. एक नमुना मात्र होता, रिचर्ड माइनर्ट्झहागन या नामांकित ब्रिटिश लष्करी अधिकारी-पक्षिअभ्यासकाचा, लेबलवर १९१४ साल आणि गुजरातमधली मांडवी. म्हणजे लोक शोधायचे तर त्या लेबलवर विसंबून. पामेला रॅसमुसेन यांनी नमुने बारकाईनं तपासले तेव्हा उघड झालं की हा पक्षी माइनर्ट्झहागननं मारलेलाच नव्हता. जेम्स डेव्हिडसन या दुसऱ्याच माणसानं कित्येक वर्षं आधी गोळा केलेला नमुना ब्रिटनच्या संग्रहालयातून चोरून, आतला पेंढा काढून पुन्हा भरून, त्याला नवं लेबल लावलं होतं. खोटं लेबल बाजूला केल्यावर शोधायच्या जागा बदलल्या, आणि नोव्हेंबर १९९७मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रॅसमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. त्यांनी चित्रीकरण केलं, पक्षी मारला नाही.

यात दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी माझ्या पहिल्या तक्रारीला उलटी जाते, तरी सांगतो. पहिली ही की माइनर्ट्झहागन हा जेमर्लिंगपेक्षा कितीतरी पटाईत होता. तो आदरणीय होता. दुसरी ही की चोरी उघडकीला आली ती संग्रहालयातल्या त्या जुन्या, मेलेल्या पक्ष्यांमुळेच. नमुने जपलेले नसते तर तपासायला काय होतं? फोटोवरचं लेबल तर त्याहून सहज बदलता येतं. म्हणून ‘कॅमेरा चांगला, कातडं वाईट’ हे रॅन्समचं समीकरण मला पटत नाही. प्रश्न साधनाचा नाही. या पक्ष्याचा एक जीव या पुराव्यासाठी खर्च करण्याइतके पक्षी आहेत का, हा आहे. २००६ साली रमणा अत्रेय यांनी अरुणाचलच्या ईगलनेस्टमधून ‘बुगुन लिओसिकला’ हा नवा पक्षी जाहीर केला. तेव्हा ते पुण्यात रेडिओ खगोलशास्त्रात काम करत होते, पक्ष्यांचा अभ्यास हा त्यांचा छंद. पक्षी मोजकेच दिसलेले, म्हणून त्यांनी जाळ्यात आलेला पक्षी मारला नाही. गळालेली पिसं, छायाचित्रं, मोजमापं आणि आवाज यांवर वर्णन केलं आणि पक्षी सोडून दिला. नेहमीसारखा पूर्ण नमुना नसताना नवी जात मानायची का, असा वाद अशा वेळी होतो, आणि तो वाद व्हायलाच हवा. पण निर्णय का घेतला हे त्यांनी लिहून ठेवलं. डिकनं असा एक परिच्छेद आपल्या वहीत लिहिला असता, तर पुस्तक माझ्यासाठी पूर्ण झालं असतं.

आता तिसरी तक्रार. ती मला दुसऱ्या वाचनात सुचली, आणि तेव्हापासून हे पुस्तक मी आधीसारखं वाचू शकत नाही.

त्या खोऱ्यात माणसं राहतात. गेलिक बोलणारे स्थानिक लोक, त्यांचा जमीनदार, त्याचा मुलगा इयन, कुत्रे, गुराखी. त्यांना संशय येतो की बोटीवरची ही परकी पोरं हरणं हुसकायला आलीत. म्हणून ते पाठलाग करतात, पुढे पकडतात. मुलांच्या लेखी हे लोक म्हणजे अडथळा, ‘गेल्स’, खेळातले शत्रू. बाकीची मंडळी हूल देऊन त्यांना दुसरीकडे पळवत नेतात, म्हणजे डिकला निवांतपणे फोटो काढता येतील. ही सगळी पळापळ रॅन्सम विनोदी करतो. रॉजर एका प्राचीन ढिगाऱ्यावर झोपून जातो, जागा होतो तर अंगावर कोणीतरी चिठ्ठी खोचून गेलेलं असतं, असले प्रसंग. मजेशीर आहेतच.

पण शेवट बघा. जेमर्लिंग आणि त्याचा माणूस घडीच्या बोटीनं बेटावर जातात, अंडी उचलतात, गोळ्या झाडतात. त्याला पकडतं कोण? तेच स्थानिक लोक. मुलं शेवटी जमीनदाराला खरं काय ते सांगतात, आणि सांगितल्याबरोबर तो मदतीला धावतो. अंडी परत मिळतात. डिक आणि टिटी ती घाईघाईनं घरट्यात नेऊन ठेवतात, पक्षी परत येतो. मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? ज्याची जमीन, ज्याचं तळं, जो रोज त्या काठावरून जातो, त्याला कोणीही विचारत नाही की हा पक्षी इथे दरवर्षी असतो का. डिक प्रश्न घेऊन जातो तो मोठ्या बोटीवरच्या, भरलेल्या कप्प्यांच्या, पुस्तकी माणसाकडे. सगळं संकट या एका निवडीतून उभं राहतं. रॅन्समला हे दिसलं होतं का? मला वाटतं, अर्धवट. कथानक तर त्यानं असंच रचलंय की उत्तर स्थानिकांकडेच होतं. पण निवेदन शेवटपर्यंत मुलांच्या खेळाच्या बाजूनं राहतं, आणि गेल्सना ज्ञान असू शकतं हे एकदाही मान्य करत नाही. ‘ब्रिटनमधली पहिली नोंद’ यातलं ‘पहिली’ हे कोणाच्या हिशोबानं, हा प्रश्न विचारणारं एकही पात्र नाही.

हे वाचून ‘१९४७चं पुस्तक आहे, आजच्या मापानं मोजू नका’ असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण मी त्यावर खटला भरत नाहीये. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘या भागाचा आजवर अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य असणार आहे, माझ्याही होतं, आणि आजच्या मापानंही ते वाक्य बहुतेक वेळा डिकच्याच नजरेनं लिहिलेलं असतं. खाडीत काम करणारा विद्यार्थी नोंदवहीत भरतीची वेळ मोबाइलवरून उतरवतो, आणि शेजारी उभ्या कोळ्याला आज उधाणाची आहे की भांगाची, आणि त्यानं कोणती मासळी आत येते, हे विचारत नाही. विचारलंच, तर शोधनिबंधात तो ‘स्थानिक सूत्रांनुसार’ होतो. अत्रेय यांच्या पक्ष्याला ज्यांचं नाव आहे ते बुगुन हे ईगलनेस्टच्या परिसरात राहणारे लोक. नाव देऊन सगळं फिटत नाही, पण कोणाच्या अंगणात आपण उभे होतो याची नोंद तरी राहते.

एवढं सुनावल्यावर पुस्तक का वाचायचं? सुरुवातीच्या प्रकरणांसाठी. धुकं पसरलेलं असताना शिसाची दोरी सोडून खोली मोजत मोजत बोट खाचेत नेणं, भरतीला ती काठाला आणून टेकू लावून उभी करणं, ओहोटीनं पाणी उतरलं की उघडा पडलेला तळ खरवडणं, पुन्हा भरती यायच्या आत रंग पुरा करणं. अनेक वाचक हा भाग कंटाळवाणा म्हणून उडवतात. मला तो सगळ्यात आवडतो. ज्यानं कधी फील्डवर्क केलंय त्याला कळेल की कामाचा बहुतेक वेळ असाच जातो, आणि भरती कोणासाठी थांबत नाही हे रॅन्समनं प्रत्येक वाक्यात जाणवू दिलंय. शिवाय कामाची वाटणी. सुझन स्वयंपाक करते, पेगी मदत करते, जॉन आणि नॅन्सी बोट सांभाळतात, डोरोथिया आणि टिटी माणसं ओळखतात. फोटो डिकचा, पण त्या फोटोवर आठ-नऊ जणांचे हात आहेत. ‘ऑथरशिप’च्या भांडणात पडण्याआधी या बोटीवर कोणाचं नाव कुठे लावायचं हे कागदावर लिहून बघा. सुझनचं नाव तुम्ही कुठे लावता त्यावरून तुमच्या लॅबबद्दल बरंच कळेल.

आणखी एक जागा आहे जिथे रॅन्सम आपल्या पुढे होता. ते तळं नेमकं कुठलं, हे पुस्तक सांगत नाही. बाकी पुस्तकांत जागा खुशाल ओळखता येतील अशा असतात. इथे मात्र पक्ष्यांसाठी पत्ता लपवलाय. आज ईबर्ड काही संवेदनशील जातींची ठिकाणं लोकांना दाखवत नाही, आयनॅचरलिस्ट त्यांचे को-ऑर्डिनेट्स धूसर करतं. डेटा उघडा ठेवा असं फंडिंगवाले म्हणतात आणि जागा लपवा असं जंगल म्हणतं. या ओढाताणीत तुमची पहिली शॉर्ट नोट लिहिताना तुम्ही सापडणार आहात, आणि तिथे तयार उत्तर कोणत्याच मार्गदर्शक पुस्तिकेत मिळत नाही. जर्नलच्या संपादकाला पूर्ण पत्ता, छापील मजकुरात फक्त तालुका, हा मधला मार्ग बरेच जण घेतात.

स्कॉटलंडमध्ये ग्रेट नॉर्दर्न डायव्हरची वीण झाल्याची खात्रीची नोंद पुढे खरोखर झाली. १९७० साली, वेस्टर रॉस भागात, पिल्लांसह जोडी दिसली. रॅन्सम जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पुस्तक घेताना त्याची स्वतःची रेखाचित्रं असलेली आवृत्ती घ्या. बोटीच्या भागांची इंग्रजी नावं त्यावरून बरीच उमगतात, नाहीतर पहिली पन्नास पानं शब्दकोशातच जातील.